वजा बारा इंच

2 जुलै 1941 च्या नोंदीत धरमपूरपुढे 987 मिलिमीटर असा आकडा आहे. हा एका दिवसाचा पाऊस. धरमपूर तेव्हा संस्थान होते. आज ते गुजरातच्या वलसाड जिल्ह्यात आहे आणि पालघर जिल्ह्यातल्या तलासरीहून सरळ रेषेत पन्नासेक किलोमीटरवर येते. डहाणू-तलासरीवर येणारे ढग जिथून येतात तिथूनच त्याचेही येतात.

आकड्यापेक्षा मला तो मोजणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. तहसील कचेऱ्यांच्या आवारात वर्षानुवर्षे दिसणारा सायमन्सचा पर्जन्यमापक म्हणजे पाच इंच तोंडाचे नरसाळे, त्याखाली बाटली आणि भोवती पत्र्याचे नळकांडे. बाटलीत साधारण 10 सेंटीमीटर पाऊस मावतो. एरवी सकाळी एकदा ती काचेच्या मापात ओतायची, आकडा वाचायचा, वहीत टाकायचा, की काम झाले. धरमपूरचा मापक याच जातीचा होता असे धरले, तर त्या चोवीस तासांत कोणाला तरी निदान नऊ-दहा वेळा भर पावसात, रात्री कंदील घेऊन, बाटली रिकामी करायला जावे लागले असणार. एखाद्या खेपेला तो झोपून राहिला असता तर बाटली भरून वाहिली असती आणि आपल्याला 987 हा आकडा कधी मिळालाच नसता.

एक मिलिमीटर पाऊस एका चौरस किलोमीटरवर पडला की 10 लाख लिटर पाणी होते. धरमपूरच्या त्या दिवशी एकेका चौरस किलोमीटरवर जवळपास 99 कोटी लिटर पडले. पडले किती ते बाटली सांगते. त्यातले नदीला किती गेले, कधी गेले आणि उरलेले कुठे राहिले, हे मात्र बाटलीत बघून कळत नाही. पाठ्यपुस्तकात या वाहून जाणाऱ्या पाण्याला ‘अपधाव’ म्हणतात. हा शब्द मी पुस्तकाबाहेर कधी ऐकला नाही. धरणावरचे लोक ‘येवा’ म्हणतात. आज येवा किती, येवा वाढला, येवा थांबला. गावातला माणूस एवढेच म्हणतो, ओहळाला पाणी आले. आकाशातले पाणी आणि ओहळातले पाणी यांचा ताळा जुळवायला आपल्या मुलखात साधारण दीडशे वर्षे लागली आणि तो अजून पुरता जुळलेला नाही.

नद्या पावसाने वाहतात हे आपल्याला सांगावे लागत नाही. कोकणातल्या पोरालाही ते ठाऊक असते. युरोपात मात्र कित्येक शतके विद्वानांचा यावर विश्वास नव्हता. एवढी मोठी नदी एवढ्याशा पावसाने कशी वाहील, समुद्राचे पाणीच जमिनीखालून डोंगरात चढत असेल, असे त्यांना वाटे. 1674 मध्ये पिएर पेरो या फ्रेंच माणसाने सेन नदीच्या उगमाकडचा भाग घेतला, पाऊस मोजला, नदीचा अंदाज घेतला आणि दाखवून दिले की पडणाऱ्या पावसाच्या सहाव्या हिश्श्यात नदी वाहते. बाकी पाच हिस्से झाडे, हवा आणि माती घेतात. पावसाचा आणि नदीचा हा पहिला धड हिशेब.

डहाणूकडची अडचण याच्या उलट होती. इथे पाऊस पुरेल का, हा प्रश्नच नव्हता. चार महिन्यांत जवळपास वर्षाचा सगळा पाऊस कोसळतो, आणि तो सगळा पूर्वेच्या डोंगरातून पश्चिमेच्या खाडीकडे धावतो. सूर्या आणि वरोली या आखूड नद्या. वरोली तलासरीतून संजाणकडे जाते आणि गुजरातच्या किनाऱ्यावर समुद्राला मिळते. सूर्या दक्षिणेला वळून वैतरणेत जाते. जमिनीखाली काळा कातळ, वर डोंगरउतारावर वीतभर माती. अशा ठिकाणी पाणी थांबणार कुठे?

हे पाणी पहिल्यांदा नडले ते रेल्वेला. बॉम्बे बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेचा रस्ता 1864 मध्ये सुरतेहून मुंबईला जोडला गेला. डहाणू, घोलवड, उंबरगाव, संजाण ही आजची स्टेशने याच रस्त्यावरची. समुद्राला समांतर धावणाऱ्या या रुळांना डोंगरातून येणारा प्रत्येक ओढा आडवा येतो. पूल केवढा ठेवायचा? नदीची नोंद कोणाकडे नव्हती. मग इंजिनिअर काठावरच्या गावात जाई आणि म्हाताऱ्याला विचारी की जास्तीत जास्त पाणी कुठवर आले होते. म्हातारा एखाद्या झाडाकडे किंवा देवळाच्या पायरीकडे बोट दाखवी. त्या बोटावर पुलाची उंची ठरे. याच रेल्वेचा भरूचजवळचा नर्मदेवरचा पूल पुरांनी इतक्यांदा खिळखिळा केला की अखेर 1881 मध्ये नवा पूल उभारावा लागला. तोच आजचा गोल्डन ब्रिज.

1865 मध्ये डिकन्स नावाच्या अधिकाऱ्याने पुरासाठी एक सूत्र दिले. पाणलोट क्षेत्र किती ते सांगा, त्याच्या पाऊण घाताला एका ठरावीक आकड्याने गुणा, पूर मिळेल. पावसाचा त्यात उल्लेखच नाही. तो ठरावीक आकडा मैदानाला लहान, डोंगराला मोठा, घाटाला आणखी मोठा, आणि तो कोणता घ्यायचा हे ज्याने त्याने आपल्या अनुभवावर ठरवायचे. म्हणजे पुन्हा म्हाताऱ्याचे बोटच. फक्त आता ते कागदावर आले.

मोजून बघायची अक्कल पहिल्यांदा चालवली ती नागपुरात. अलेक्झांडर बिनी हा तिशीच्या उंबरठ्यावरचा इंग्रज इंजिनिअर 1868 मध्ये सार्वजनिक बांधकाम खात्यात आला आणि नागपूरला पाणी देण्याचे काम त्याच्याकडे लागले. अंबाझरीचे पाणीपुरवठ्याचे काम त्याचे. तलावात पाणी किती येईल हे कळल्याशिवाय शहराला किती द्यायचे हे ठरणार नव्हते. म्हणून त्याने 1869 ते 1872 या काळात नागपूरजवळच्या सुमारे 16 चौरस किलोमीटरच्या छोट्या पाणलोटात पडणारा पाऊस आणि वाहणारे पाणी दोन्ही मोजले. महत्त्वाचे म्हणजे त्याने रोजचा पाऊस सुटा पाहिला नाही. पावसाळा सुरू झाल्यापासूनची बेरीज ठेवली. एका बाजूला पावसाची बेरीज, दुसऱ्या बाजूला वाहिलेल्या पाण्याची. दोन रेघा जोडीने वर चढत गेल्या, पण सारख्या अंतराने नाही. सुरुवातीला पाऊस खूप आणि वाहणे नावापुरते. पुढे पाऊस तेवढाच पण वाहणे वाढत जाणारे. जमीन आधी आपली तहान भागवते, मग नदीला देते. शेतकऱ्याला हे माहीत होते. मृगाच्या पहिल्या सरींनी ढेकूळ फुटते, ओहळ वाहत नाही. बिनीने फक्त किती भागवते आणि किती देते याचे टक्के लावले. विदर्भात ते टक्के पुढे कितीतरी वर्षे वापरात राहिले. बिनी मात्र परत गेला, लंडनच्या कौंटी कौन्सिलचा मुख्य इंजिनिअर झाला, थेम्सखालचा ब्लॅकवॉल बोगदा त्याच्या हाताखाली झाला आणि 1897 मध्ये ‘सर’ झाला.

इकडे मुंबईची तहान वाढत होती. विहार तलाव 1860 चा, तुळशी 1879 चा. दोन्ही साष्टीच्या डोंगरातले, आणि दोन्ही अपुरे पडले. मग शहराने खाडी ओलांडून ठाणे जिल्ह्याच्या डोंगरांकडे पाहिले. तानसा धरणाचे पाणी 1892 मध्ये मुंबईला मिळाले. खाडीपलीकडचा पाऊस ही मुंबईची मालमत्ता होण्याची सुरुवात तिथून झाली असे म्हटले तर फार चूक होणार नाही. डहाणू तेव्हा याच जिल्ह्यात होते आणि नकाशावर वरच्या कोपऱ्यात आपल्या पाळीची वाट पाहत होते.

त्याच सुमारास डब्ल्यू. एल. स्ट्रेंज या इंजिनिअरने आजच्या महाराष्ट्र-कर्नाटक सीमेकडच्या भागातल्या नोंदींवरून कोष्टके तयार केली. पाऊस इतका, तर येवा इतका. पाणलोटाचे त्याने तीन वर्ग केले: चांगले, मध्यम आणि वाईट. शिवाय रोजच्या पावसासाठी जमीन आधी कोरडी होती, ओलसर होती की ओली होती, हेही पाहायला सांगितले. ही दुसरी गोष्ट फार शहाणपणाची. आषाढातल्या दोन इंचांना ओहळ भरतो आणि ज्येष्ठातल्या दोन इंचांना चप्पलही भिजत नाही, या रोजच्या अनुभवाला त्याने कोष्टकात जागा दिली.

पहिल्या गोष्टीपाशी मात्र मी नेहमी अडखळतो. स्ट्रेंजचे ‘चांगले’ पाणलोट म्हणजे जास्त पाणी देणारे, म्हणजेच कमी मुरवणारे. उघडा कातळ, तीव्र उतार, विरळ झाडी हे तलाव बांधणाऱ्याच्या दृष्टीने चांगले. भुसभुशीत माती, गवत, झाडांचा पाला असे काही असले की पाणी अडते आणि वर्ग उतरतो. सायवनच्या डोंगरात राहणाऱ्या वारल्याने हीच वर्गवारी केली असती तर कोष्टकाचे दोन्ही टोकांचे रकाने उलटे लागले असते. जो डोंगर पाणी धरून ठेवतो आणि माघात झऱ्याला सोडतो तो त्याला चांगला. इंजिनिअर लबाड होता असे मुळीच नाही. त्याला विचारलेला प्रश्नच तलाव किती भरेल हा होता.

जंगलाचा वादही याच काळातला. मुंबई इलाख्यात 1847 पासून वनसंरक्षक होते. पहिले अलेक्झांडर गिब्सन. झाडे तुटली की पाऊस हटतो आणि ओढे आटतात, ही समजूत त्या पिढीच्या सरकारी कागदांत पक्की होती. तिच्यात तथ्य किती हा प्रश्न बाजूला ठेवू. तिचा उपयोग कसा झाला ते पाहण्यासारखे आहे. ठाणे जिल्ह्याचा साग मुंबईला बांधकामाला जात होता, रेल्वेला स्लीपर लागत होते. पण बोट दाखवले गेले ते राबाकडे. भाताच्या रोपाची जागा भाजण्यासाठी डोंगरातली डहाळी, पाला, गवत आणि शेण पसरून पावसाआधी पेटवायचे, याला राब म्हणतात. राख खत होते, तण जळते, रोप तरारून येते. 1878 च्या वनकायद्यानंतर डहाळी तोडण्यावर बंधने आली आणि ठाणे-कुलाब्यात एवढी ओरड झाली की सरकारला वनचौकशी आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल 1887 चा. राब थांबला नाही, आजही चैत्र-वैशाखात तलासरीच्या माळावर काळे चौकोन दिसतात. पण आपल्या डोंगरातली डहाळी तोडायला परवानगी लागते ही गोष्ट तेव्हापासून कायमची बसली.

आता ज्यांच्यामुळे या लेखाला नाव मिळाले त्यांच्याकडे येतो. क्लॉड इंग्लिस डब्लिनचे. 1906 मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात आले आणि जवळपास चाळीस वर्षे इथल्या कालव्यांत आणि नद्यांत रमले. खडकवासल्याची जलसंशोधन संस्था नावारूपाला आली ती त्यांच्या हाताखाली. 1930 च्या सुमारास त्यांनी ए. जे. डिसोझा यांच्यासोबत इलाख्यातल्या 53 ठिकाणच्या प्रवाहमापनाच्या नोंदी एकत्र केल्या आणि खात्याच्या तांत्रिक पुस्तिकेत दोन सूत्रे छापली. एक घाटासाठी, दुसरे देशासाठी.

घाटाचे सूत्र शाळकरी मुलालाही करता येते. वर्षाचा पाऊस इंचांत घ्या, त्याला 0.85 ने गुणा, त्यातून 12 वजा करा. उरले ते नदीचे. आताच्या पुस्तकांत हेच सेंटीमीटरमध्ये असते आणि तिथे वजा 30.5 लिहिलेले दिसते. (योगायोग असा की सायमन्सच्या मापकाची कडा जमिनीपासून बरोबर एवढ्याच उंचीवर ठेवायची असते. याचा त्या सूत्राशी काही संबंध नाही, पण मला तो दर वेळी आठवतो.)

डहाणू परिसराला फार लांबचा नाही असा 80 इंच पाऊस घेऊ. 80 चे 85 टक्के 68. त्यातून 12 गेले, 56 इंच उरले. म्हणजे पडलेल्या पावसाचा सत्तर टक्के हिस्सा नदीने नेला. जव्हार-मोखाड्याच्या माथ्यावर 120 इंच पडला असे धरले तर 90 इंच, पाऊण हिस्सा. आता देशावर या. तिथले सूत्र वेगळे: पावसातून 7 वजा करा, आलेल्या आकड्याला पुन्हा पावसाने गुणा आणि 100 ने भागा. 25 इंचांच्या मुलखात उत्तर येते साडेचार इंच. जेमतेम अठरा टक्के. सह्याद्रीच्या एका बाजूला पावसाच्या चार हिश्शांतले तीन धावतात, दुसऱ्या बाजूला एकही पुरता धावत नाही. पेरोची सेन नदी आपल्या सोलापूरच्या जवळची निघाली.

पण या सूत्रातली खरी बोच त्या बारा इंचांत आहे. समजा कोकणात पाऊस निम्म्यावर आला, 80 चे 40 झाले. 40 चे 85 टक्के 34, त्यातून 12 गेले, 22 उरले. पाऊस निम्मा झाला आणि नदी 56 वरून 22 वर आली, निम्म्याहून बरीच खाली. जमीन आपले बारा इंच आधी घेते. वर्ष बरे असो की वाईट, तिच्या वाट्यात काटछाट नाही. तुटीचा सगळा भार नदीवर पडतो. पाऊस ‘साठ टक्के झाला’ अशी बातमी आली की लोकांना वाटते धरणही साठ टक्के येणार. तसे येत नाही, आणि दर अशा वर्षी लोक गोंधळून जातात.

सूत्राच्या मर्यादा इंग्लिस यांना ठाऊक होत्या. ते वर्षाचे आहे. एका दिवसाबद्दल त्यातून काही कळत नाही. पुरासाठी त्यांनी वेगळे सूत्र दिले. पंख्याच्या आकाराच्या, म्हणजे सगळे ओढे एकाच जागी येऊन मिळतात अशा पाणलोटासाठी. त्यात 100 चौरस किलोमीटर घातले तर पुराचा आकडा येतो सेकंदाला सुमारे 1,180 घनमीटर. दहा हजार लिटरचा टँकर डोळ्यांपुढे आणायचा आणि असे 118 टँकर दर सेकंदाला पुलाखालून गेले असे समजायचे. उन्हाळ्यात ज्या नाल्यात गुरे आडवी बसलेली असतात त्या नाल्याबद्दल हे आहे. काही पुणेकर इंजिनिअरांना हा आकडा फुगवलेला वाटला असेल तर अकरा वर्षांनी धरमपूरचा पाऊस आला.

1941 च्या त्या पावसाने पश्चिम किनाऱ्यावरच्या पूरगणिताची एक पायरी कायमची वर नेली. या पट्ट्यात जास्तीत जास्त किती पडू शकेल, असा प्रश्न सांडवा आखताना आला की धरमपूरचे नाव निघते. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पडला तेव्हा मुंबईकरांना हे न भूतो न भविष्यती वाटले. धरमपूर विसरले होते इतकेच.

आकडे असे जमत होते तेव्हा डहाणू-तलासरीतली माणसे वेगळ्याच हिशेबात अडकली होती. 1945 च्या मे महिन्यात तलासरीजवळच्या झरी गावी वारली एकत्र आले आणि सावकार-जमीनदारांची वेठ करायची नाही असे ठरले. गोदावरी परुळेकरांनी तो लढा लिहून ठेवला आहे. रोपणीच्या दिवसांत स्वतःचे शेत सोडून आधी मालकाचे लावून द्यायचे, हा त्या वेठीचा एक भाग. कोकणात रोपणीचा आठवडा चुकला की वर्ष चुकते. जमिनीत ओल असते तेव्हाच चिखल होतो आणि तो दिवस कोणासाठी थांबत नाही.

स्वातंत्र्यानंतर धरणांनी वेग घेतला. वैतरणेवरचा मोडकसागर 1957 चा, मुंबईचे अभियंते मोडक यांच्या नावाचा. साठ-सत्तरच्या दशकांत मुंबईतले गोठे शहराबाहेर हलवण्याच्या विचारातून दापचरीला सरकारी दुग्धप्रकल्प आला; तलासरी तालुक्यात कुर्झे धरण झाले. म्हशी आल्या, पाणी आले, जमिनी मात्र गेल्या. आज दापचरीच्या ओसाड गोठ्यांजवळून जाताना त्या प्रकल्पाचे पुढे काय झाले हे विचारावे लागत नाही.

सूर्या नदीवर धामणीचे धरण आणि त्याखाली कवडासचा बंधारा झाला तो आदिवासींच्या शेतीला पाणी द्यायचे म्हणून. डहाणू, पालघर आणि विक्रमगड मिळून सुमारे 14,700 हेक्टर भिजवायचे ठरले होते. धामणीत सुमारे 276 दशलक्ष घनमीटर पाणी मावते. धरण किती मोठे बांधायचे हे ठरवताना आपल्याकडे विश्वासार्हतेचा आकडा धरतात: सिंचनासाठी 75 टक्के, म्हणजे चारपैकी तीन वर्षे तरी तेवढा येवा मिळालाच पाहिजे. जुन्या नोंदी, शेजारच्या नद्या, कोष्टके आणि सूत्रे यांच्या आधारे हा आकडा काढतात. बिनीपासून इंग्लिसपर्यंतची सगळी खटपट त्या एका टक्केवारीत जाऊन बसते.

मग शहरे वाढली. वसई-विरार आणि मीरा-भाईंदरसाठी मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची सूर्या योजना आली: रोज 40 कोटी 30 लाख लिटर, त्यातले 18.5 कोटी वसई-विरारला आणि 21.8 कोटी मीरा-भाईंदरला. वर्षाची बेरीज केली तर 147 दशलक्ष घनमीटर होते, धामणीच्या साठ्याच्या निम्म्याहून थोडे जास्त. पावसाळ्यातले काही महिने साठ्याला हात न लावता वाहत्या पाण्यावर निभावता येतात हे खरे. तरी कालव्याच्या शेवटच्या टोकाला ज्याचे शेत आहे त्याला या बेरजेचा अर्थ समजावून सांगायला कोणा जलतज्ज्ञाची गरज नाही. पाणी द्या म्हणणाऱ्या सभा, निवेदने, मोर्चे यांत डहाणू-पालघरची दोन दशके गेली.

दरम्यान गणिताची हत्यारे बदलली. अमेरिकेच्या मृद्संधारण खात्याने पन्नासच्या दशकात मातीची जात, तिच्यावरचे पीक-जंगल आणि आधीची ओल पाहून प्रत्येक तुकड्याला शंभरपर्यंतचा एक गुण द्यायची पद्धत आणली. शंभरच्या जवळ गेले की पाणी धावते, खाली आले की मुरते. भारताच्या कृषी मंत्रालयाने 1972 च्या आपल्या हस्तपुस्तिकेत ती इथल्या मातीला लावून घेतली. आता उपग्रहाच्या चित्रावरून संगणकात डहाणू-तलासरीचा एकेक डोंगर रंगवून त्याला गुण देतात. पण नीट पाहिले तर कोरडी, ओलसर, ओली ही स्ट्रेंजची तीन खाती त्या अमेरिकन पद्धतीतही तशीच बसलेली दिसतात.

त्या बारा इंचांकडे मात्र कोणी फारसे पाहिले नाही. वजाबाकीत जे जाते त्याला इंजिनिअर ‘लॉस’ म्हणतो, तोटा. हा तोटा म्हणजे आंब्या-चिकूच्या मुळांनी प्यायलेले पाणी, पानांवरून उडालेली वाफ, घोलवडच्या विहिरीतली पातळी, फाल्गुनात नदीच्या कोरड्या वाळूत बायका हाताने उकरतात त्या झिऱ्यातला घागरभर ओलावा. आणि काही पाणी त्याहून खाली जाते.

किती खाली, याची चर्चा 2018 नंतर सुरू झाली. त्या वर्षीच्या नोव्हेंबरपासून डहाणू-तलासरीकडच्या धुंदलवाडीच्या आसपास जमीन हादरायला लागली. एक मोठा धक्का आणि मग शांतता, असे नाही. लहान लहान धक्क्यांची रांगच लागली. 1 फेब्रुवारी 2019 ला एकाच दिवसात कित्येक धक्के बसले, त्यातला सर्वांत मोठा 4.1 तीव्रतेचा, आणि एका लहान मुलीचा जीव गेला. लोक थंडीत घराबाहेर तंबूत झोपू लागले. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने भूकंपमापक बसवले. कोयना धरणाजवळच्या भूकंपाच्या आठवणीने आधी सगळ्यांच्या नजरा धामणी आणि कुर्झेकडे गेल्या. अभ्यासकांनी मात्र आणखी एक शक्यता मांडली: पावसाळ्यात मुरलेले पाणी कातळाच्या भेगांतून सावकाश खाली उतरते, तिथला दाब वाढवते, आणि आधीच ताणलेला खडक सटकतो. हा भाग लाव्ह्याच्या उभ्या भिंतींनी आणि भेगांनी चिरलेला आहे. पाण्याला वाट मिळणे अशक्य नाही. शेवटचा शब्द अजून कोणी उच्चारलेला नाही.

धुंदलवाडीकडच्या पाड्यांत घराच्या कुडाला गेलेल्या तड्यांवर लोकांनी शेण-माती लिंपली आहे. पाऊस उघडला, दिवाळी जवळ आली की याच भागात ओहळावर सिमेंटच्या रिकाम्या गोण्या दिसतात. वाळू आणि माती भरायची, तोंड शिवायचे, दोन-तीन थर आडवे रचायचे आणि फटींना चिखल थापायचा. याला वनराई बंधारा म्हणतात. आठ-दहा माणसांचे अर्ध्या दिवसाचे काम. मागे गुडघाभर पाणी तुंबते. त्यावर कोणी वाल करतो, कोणी मिरची, कोणी पोपटी भोपळ्याचे दोन वेल. पौषात पाणी घोट्यावर येते आणि पहिल्या वळवाच्या आधीच गोण्या उघड्या पडतात. पुढचा आषाढ त्या वाहून नेतो.